घरातली बारा बोर: शॉटगन घ्यायची किंवा सांभाळायची असेल तर आधी हे वाचा

पॅरिस ऑलिम्पिक २०२४ मध्ये कोल्हापूरच्या स्वप्निल कुसाळेने ब्राँझ पदक जिंकलं आणि माझ्या ओळखीतल्या बऱ्याच पोरांना शूटिंगची हौस लागली. "बंदूक कुठे मिळते, केवढ्याला मिळते?" हा पहिला प्रश्न. काहींच्या तर गावच्या घरी आजोबांची दुनळी आधीपासूनच आहे. आज दोघांसाठीही थोडं सविस्तर सांगतो.

सीताबर्डीच्या मेन रोडवर दहा मिनिटांत फोन, कव्हर, टेम्पर्ड ग्लास सगळं घेऊन बाहेर पडता येतं. बंदुकीचं उलटं आहे. इथे आधी कागद, मग वस्तू. वस्तू हातात आल्यावरही कागद सुरूच राहतो. त्यामुळे इंस्टाग्रामवर किंवा व्हॉट्सअॅपवर कुणी "बारा बोर, होम डिलिव्हरी" असं म्हणत असेल, तर तो एक तर पैसे उडवणारा आहे, नाहीतर तुम्हाला जेलमध्ये नेणारा.

शॉटगन म्हणजे नक्की काय?

रायफलच्या नळीत आतून पेचदार खाचा असतात. त्या गोळीला फिरवतात, म्हणून गोळी दूरवर सरळ जाते. स्वप्निलचा प्रकार ५० मीटर रायफलचा. शॉटगनची नळी मात्र आतून गुळगुळीत असते आणि तिच्या काडतुसात सहसा एका गोळीऐवजी बरेच छर्रे असतात. नळीबाहेर पडल्यावर ते पसरतात. किती पसरायचे ते नळीच्या तोंडाशी असलेल्या थोड्याशा अरुंद भागावर ठरतं, त्याला चोक म्हणतात. ट्रॅप आणि स्कीट या खेळांत हवेत उडणारी ११० मिलिमीटरची तबकडी शॉटगननेच फोडतात. २००४ च्या अथेन्स ऑलिम्पिकमध्ये राज्यवर्धनसिंह राठोडांनी डबल ट्रॅपमध्ये रौप्य जिंकलं, ते याच बंदुकीने.

आता "बारा बोर" मधले बारा कसले? एक पौंड शिसं घ्या, त्याचे बारा सारखे गोळे करा. एका गोळ्याची जाडी म्हणजे नळीचा व्यास. हिशोब करून बघा: ४५३.६ ग्रॅम भागिले १२ म्हणजे ३७.८ ग्रॅम, आणि तेवढ्या शिशाच्या गोळ्याचा व्यास येतो साधारण १८.५ मिलिमीटर. म्हणून आकडा वाढला की नळी बारीक होते. वीस बोर ही बारा बोरपेक्षा लहान.

परवाना: कुणाला, कुठे, किती?

आपल्याकडे शस्त्र अधिनियम १९५९ आणि शस्त्र नियम २०१६ लागू आहेत. परवान्यासाठी वय किमान २१ हवं. नागपूर शहरात परवाना पोलिस आयुक्त देतात, ग्रामीण भागात जिल्हादंडाधिकारी. अर्जाचं नाव ए-१. तो गृह मंत्रालयाच्या एनडीएएल-एलिस पोर्टलवर भरता येतो. सोबत ओळखीचे पुरावे, शारीरिक आणि मानसिक आरोग्याचं वैद्यकीय प्रमाणपत्र आणि शस्त्र सुरक्षित ठेवण्याची हमी लागते. मग पोलिस चौकशी होते. अर्ज ऑनलाइन असला तरी परवाना आपोआप मंजूर होत नाही, कारण पटलं नाही तर नाकारता येतो. मंजूर झाला की तुमचा युनिक नंबर, म्हणजे यूआयएन, राष्ट्रीय डेटाबेसमध्ये जातो. त्यानंतरच परवानाधारक दुकानातून बंदूक घ्यायची आणि तिची नोंद परवान्यावर करून घ्यायची.

२०१९ च्या दुरुस्तीनंतर एका व्यक्तीला जास्तीत जास्त दोन बंदुका ठेवता येतात, आधी तीन चालायच्या. परवान्याची मुदत तीनवरून पाच वर्षं झाली. विनापरवाना साधी बंदूक ठेवली तर दोन ते पाच वर्षं कैद आणि दंड. लग्नात, वरातीत हवेत बार काढून रील बनवणाऱ्यांसाठी वेगळं कलमच आलं: दोन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड, किंवा दोन्ही. आणि पुरावा तुम्हीच अपलोड केलेला असतो!

अजून एक. परवाना म्हणजे शिकारीची परवानगी नाही. वन्यजीव संरक्षण अधिनियम १९७२ वेगळा आहे. शेतात रानडुक्कर आलं म्हणून वनविभागाच्या परवानगीशिवाय बार टाकता येत नाही.

आजोबा गेले, बंदूक कपाटात राहिली

विदर्भात हे बऱ्याच घरांत सापडेल. काटोलकडच्या माझ्या एका मित्राचे आजोबा वारले. बंदूक कपाटात तशीच होती. घरचे म्हणाले, "लायसन त आहे ना घरी." मी सॉफ्टवेअरवाला म्हणून ऑनलाइन फॉर्म भरायला मला बोलावलं, तेव्हा पहिल्यांदा हे समजावून सांगावं लागलं की लायसन घराचं नसतं, माणसाचं असतं. माणूस गेला की ते पुढच्या पिढीकडे आपोआप येत नाही. बंदूक घरात तशीच ठेवली, तर कोणताही वाईट हेतू नसताना ती विनापरवाना ठरते.

अशा वेळी करायचं काय? विनाकारण उशीर न करता बंदूक आणि उरलेली काडतुसं जवळच्या पोलिस ठाण्यात किंवा परवानाधारक शस्त्र विक्रेत्याकडे जमा करा आणि पावती घ्या. न्यायला निघण्याआधी ठाण्यात फोन करून सांगा. मग वारसाने स्वतःच्या नावाने अर्ज करायचा, नियमांत वारसासाठी तशी सोय आहे. कुणालाच नको असेल, तर ठरलेल्या मुदतीत परवाना असलेल्या व्यक्तीला विकता येते. मालक हयात असतानाही, त्यांचं वय ७० झालं किंवा बंदूक २५ वर्षं त्यांच्याकडे असली, तर ती वारसाच्या नावे करण्यासाठी अर्ज करता येतो. घरात आजोबा आहेत तोवरच हे बोलून घेतलेलं बरं.

मित्राच्या घरच्यांनी बंदूक जमा केली. आजी दोन दिवस नीट जेवली नाही. वस्तूत जीव अडकलेला असतो, पण कायदा तो जीव मोजत नाही.

सांभाळ कसा करायचा?

हात लावण्याआधी एकच सवय: बंदूक भरलेलीच आहे असं धरून चालायचं. नळीचं तोंड माणसांकडे नको, बोट चापावर नको. बंदूक उघडून नळी रिकामी आहे हे डोळ्यांनी बघायचं. "मी कालच रिकामी केली होती" हे उत्तर चालत नाही.

• वापर झाला की त्याच दिवशी साफ करा. नळीत दारूची काजळी, शिसं आणि प्लास्टिकचा थर बसतो. आधी सॉल्व्हंट लावलेला ब्रश, मग कोरडं फडकं, शेवटी तेलाचा अगदी पातळ हात.
• तेल जास्त नको. ते उतरून लाकडी दस्त्यात मुरतं आणि लाकूड मऊ पडतं.
• कॅनव्हास किंवा चामड्याच्या कव्हरमध्ये महिनोन्‌महिने ठेवू नका. कव्हर ओल धरतं आणि गंज आतून लागतो. नागपुरात पावसाळ्यात ओल आणि मे महिन्यात कोरडी भट्टी, म्हणून दस्ताही अधूनमधून तपासा.
• बंदूक कुलपात, काडतुसं वेगळ्या कुलपात. किल्ली मुलांना माहीत नको.
• दुरुस्ती परवानाधारकाकडूनच. नळी कापून आखूड करणं हा गुन्हा आहे.

काडतूस: इथे चूक परवडत नाही

आपल्याकडची ओळखीची "शक्तिमान" काडतुसं पुण्याच्या खडकी दारूगोळा कारखान्याची. हा कारखाना १८६९ पासूनचा. बारा बोर लिहिलेलं प्रत्येक काडतूस प्रत्येक बारा बोरला चालतं असं मात्र नाही. बऱ्याच जुन्या बंदुकांचं चेंबर ६५ मिलिमीटरचं असतं आणि ७० मिलिमीटरचं काडतूस त्यात बसतंही. लांबी उडवल्यानंतरची मोजतात, त्यामुळे बसताना काही जाणवत नाही. पण बार उडताना त्याचं तोंड पूर्ण उघडत नाही आणि दाब धोकादायक वाढतो. वीस बोरचं काडतूस चुकून बारा बोरमध्ये टाकलं, तर ते पुढे घसरून नळीत अडकतं. त्यामागे बाराचं घालून बार केला की नळी फुटते. म्हणून वीस बोरची काडतुसं पिवळ्या रंगाची करतात. जुनी बंदूक वापरण्याआधी चेंबर जाणकाराकडून मोजून घ्या.

मग सुरुवात कुठून?

खरं सांगू? बंदूक विकत घेण्यापासून नको. जिल्ह्याच्या ठिकाणच्या बहुतेक क्लबमध्ये १० मीटर एअर रायफल शिकवतात. ४.५ मिलिमीटरच्या, २० ज्यूलपर्यंत ताकदीच्या एअर रायफलला परवाना लागत नाही. तिथे श्वास, नेम आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे रेंजची शिस्त अंगी येते. सहा महिने टिकलात तर ट्रॅप-स्कीटच्या रेंजवर जा आणि प्रशिक्षकाच्या देखरेखीखाली क्लबची बंदूक हाताळा. तरीही हौस उरली, तर अर्ज आहेच.

आणि घरी जुनी बंदूक असेल, तर आज एवढंच करा: परवाना काढा, त्यावर कुणाचं नाव आहे, मुदत कधी संपते आणि यूआयएन आहे का ते बघा. ज्या मित्राच्या गावच्या घरी आजोबांची दुनळी आहे, त्यालाही हा लेख पाठवून द्या.