वाळवंट पाहिले, आता घर दाखव

सुरत म्हटले की आपल्या भागातल्या माणसाला साड्या आठवतात, हिरे आठवतात आणि शाळेच्या पुस्तकातली शिवरायांची स्वारी आठवते. कोसाड हे नाव मात्र सहसा कुणी ऐकलेले नसते. सुरत सोडून तापीचा पूल ओलांडला की उतराण लागते आणि त्यापुढे कोसाड. एकेकाळचे हे खेडे आता सुरत महापालिकेच्या हद्दीत आले आहे. शेजारच्या अमरोलीप्रमाणे इथेही यंत्रमागावर आणि हिऱ्याच्या घंटीवर काम करणाऱ्यांची वस्ती. चाळीच्या एका जिन्यावर गुजराती, खानदेशी, ओडिया आणि हिंदी अशा चार भाषा सहज ऐकू येतात. मराठी-कन्नड घरात वाढलेल्या माझ्या अक्काला म्हणूनच हे गाव परके वाटले नसावे. बावीस वर्षांपूर्वी लग्न होऊन ती तिथे गेली, ती तिथलीच झाली.

तिचा मुलगा, म्हणजे माझा भाचा, कॉलेजात शिकतो आणि त्याला छायाचित्रणाचे वेड आहे. गेल्या हिवाळ्यात सुट्टी काढून मी तिकडे गेलो, तेव्हा आम्ही दोघांनी कच्छचे रण, डोंगरावरचा सूर्यास्त आणि सुरत शहर असे तिन्ही पाहिले. त्यातून जे शिकलो, ते वाचकांना सांगण्यासाठी हा लेख.

पांढरे वाळवंट, करडा फोटो

भुजपासून सुमारे ऐंशी किलोमीटरवर धोरडो नावाचे गाव आहे. 2023 साली संयुक्त राष्ट्रांच्या पर्यटन संघटनेने उत्तम पर्यटन-खेड्यांच्या यादीत त्याची निवड केली. गावापुढे रण सुरू होते. पावसाळ्यात या सपाट भूमीवर समुद्राचे आणि पावसाचे पाणी पसरते. ते हिवाळ्यापर्यंत आटते आणि मागे मिठाचा थर उरतो. वाळूचा एक कण नाही, तरी हे वाळवंटच.

इथे नवशिक्याचा फोटो हमखास करडा येतो. कारण सोपे आहे. समोरचे दृश्य साधारण मध्यम उजेडाचे असणार, असे धरून कॅमेरा हिशेब करतो. सगळीकडे पांढरे दिसले की त्याला वाटते उजेड फार झाला, आणि तो चित्र काळवंडतो. म्हणून रणात उजेड थोडा मुद्दाम वाढवावा लागतो. मोबाईलवर पडद्याला बोट लावून, शेजारी उमटणारे सूर्याचे चिन्ह किंचित वर सरकवले की मीठ पुन्हा मिठासारखे दिसते. दुसरी गोष्ट वेळेची. भर दुपारी रण म्हणजे कोरा कागद. सकाळी किंवा संध्याकाळी ऊन तिरपे झाले की मिठाच्या भेगांना सावली मिळते आणि जमिनीवरची बहुकोनी नक्षी उठून दिसते.

डोंगरावरची संध्याकाळ

कच्छमधला सर्वांत उंच डोंगर म्हणजे काळो डुंगर. उंची साडेचारशे मीटरच्या आसपास, म्हणजे सह्याद्री पाहिलेल्या माणसाला टेकडीच. पण वर दत्तात्रेयाचे मंदिर आहे. गाणगापूर आणि नृसिंहवाडीच्या वाटेवर राहणाऱ्या आपल्यासारख्यांना त्या सीमेवरच्या डोंगरावर दत्त भेटावेत, याचे अप्रूप वाटते. इथे कोल्ह्यांना प्रसादाचा भात घालण्याची जुनी प्रथा आहे. भुकेल्या कोल्ह्यांना दत्तात्रेयांनी स्वतःचे अंग देऊ केले, अशी कथा सांगतात.

सूर्यास्ताच्या बाबतीत रणातला नियम उलटा करायचा. इथे उजेड कमी करायचा, म्हणजे आकाशाचा तांबडा रंग फिका पडत नाही आणि डोंगर काळ्या रेषेसारखा ठसठशीत उमटतो. मावळतीच्या वेळी सूर्यकिरण हवेच्या अधिक जाड थरातून येतात. वाटेत निळा रंग विखरून जातो आणि तांबडा आपल्यापर्यंत पोहोचतो. हवेत थोडे ढग असतील तर सूर्य बुडाल्यावर पुढची पंधरा-वीस मिनिटे खरा रंगोत्सव असतो. नेमके तेव्हाच लोक चहाकडे वळतात. भाचा मात्र जागचा हलला नाही. त्याचा त्या दिवसाचा उत्तम फोटो गाड्या सुटू लागल्यावरचा आहे.

हे सारे येळ्ळूरच्या राजहंसगडावरही जमते, हे आपल्या वाचकांना वेगळे सांगायला नको.

शहराच्या खुणा

कोसाडहून जुन्या सुरतेत जाताना अमरोलीचा पूल ओलांडून कतारगाम लागते. कतारगाम दरवाज्याजवळ इंग्रजांची आणि डचांची जुनी दफनभूमी आहे. 1664 च्या जानेवारीत शिवराय सुरतेवर आले, तेव्हा इंग्रजांच्या वखारीचा प्रमुख जॉर्ज ऑक्झेंडन होता. 1669 साली तो वारला. त्याची घुमटांची भव्य कबर इथेच आहे. डचांच्या बाजूला व्हॅन रीड या अधिकाऱ्याची कबर आहे. मलबारच्या वनस्पतींवरचा ‘हॉर्टस मलबारिकस’ हा बारा खंडांचा ग्रंथ त्याने सिद्ध केला. त्या ग्रंथात कोकणी वैद्यांनी नागरी लिपीत दिलेले प्रमाणपत्र छापलेले आहे. आपल्या भाषांचा धागा कुठे सापडेल, सांगता येत नाही! तापीकाठचा किल्ला 1546 मध्ये पूर्ण झाला. 1644 ची मुघलसराई आज महापालिकेचे मुख्य कार्यालय आहे.

इमारतीचा फोटो घेताना मोबाईल वर वाकवला की भिंती मागे झुकलेल्या दिसतात. चार पावले मागे जावे, मोबाईल सरळ धरावा आणि चौकटीत एखादा माणूस येऊ द्यावा, म्हणजे उंचीचा अंदाज येतो.

अशा चित्रांचे मोल काळ गेल्यावर कळते. 1855 मध्ये मुंबई सरकारने कॅप्टन बिग्ज या लष्करी अधिकाऱ्याला छायाचित्रणाच्या कामावर नेमले. त्याने आणि त्याच्यानंतर डॉ. पिगू यांनी विजापूर, ऐहोळे, बदामी, धारवाड हा आपला मुलूख कागदी निगेटिव्हवर टिपला. 1866 मध्ये ती चित्रे पुस्तकरूपाने आली. आजचा गोलघुमट त्या चित्राशेजारी ठेवून पाहता येतो, ही सोय त्यांनी आपल्याला करून ठेवली.

‘ती घागर कुठं गेली?’

परत आल्यावर भाच्याने सारी चित्रे बेळगावला पाठवली. घरच्या मोठ्या टीव्हीवर माझ्या पत्नीने ती आईला दाखवली. आईचे माहेर गोकाककडचे. आमच्याशी ती मराठीत बोलते, पण नातवंडांशी हटकून कन्नडमध्ये. गुडघ्यांमुळे तिचा लांबचा प्रवास आता बंद झाला आहे. रण पाहून ती एवढेच म्हणाली, ‘इष्टु उप्पा?’ म्हणजे ‘एवढं मीठ?’ सूर्यास्त पाहिले, किल्ला पाहिला. मग फोनवर नातवाला म्हणाली, ‘ऊर ब्याड, मनी तोरसो.’ गाव नको, घर दाखव.

त्याने लगेच गच्चीवर जाऊन चारी बाजूंचे फोटो पाठवले. आईने ते दोन-तीनदा पाहिले आणि मराठीत विचारले, ‘हे अक्काचं घर नव्हे. ती मोठी घागर कुठं गेली?’

घागर म्हणजे उतराणच्या वीज केंद्राचा शीतकरण मनोरा. 85 मीटर उंच, कमरेत निमुळता. अक्काच्या बाळंतपणाला आई गेली होती, तेव्हा सुरतेला गाडी बदलून पॅसेंजरने निघाल्यावर खिडकीतून तो दिसला की ती पिशव्या आवरायला घेई. तिला ना गुजराती वाचता येई, ना हिंदी. तो मनोरा हीच तिची पाटी होती. 21 मार्च 2023 रोजी स्फोटके लावून तो पाडण्यात आला. काही सेकंदांत सारे संपले आणि धुळीचा लोट उठला. अक्काकडे कुणाला हे आईला सांगावेसे वाटले नाही, कारण वीज केंद्राचा मनोरा आजीच्या जिव्हाळ्याचा असेल असे कुणाच्या मनातच आले नव्हते.

आई दिवसभर गप्प होती. रात्री म्हणाली, ‘आता मी डोळे मिटून अक्काच्या घरी जाते म्हटलं, तरी वाट सापडायची नाही.’

हे मी भाच्याला कळवले. त्याने कपाट उपसून बारशाच्या दिवशीचा एक फोटो शोधला. गच्चीवर अक्का, तिच्या मांडीवर तो स्वतः, शेजारी आई आणि मागे धुरकट आकाशात मनोरा. मग त्याच गच्चीवर, त्याच कोपऱ्यात, त्याच सुमाराच्या उन्हात त्याने अक्काला बसवून नवा फोटो काढला. मागे मोकळे आकाश. दोन्ही एकाच आकाराचे छापून घेतले. शिवाय स्टेशनची पाटी, दुधाच्या दुकानाचा कोपरा, जिना, दार आणि स्वयंपाकघराची खिडकी, अशी क्रमाने घरापर्यंतची सगळी वाट टिपून पाठवली. आई रोज दुपारी ते फोटो पत्त्यांसारखे ओळीने मांडते. शेवटचा खिडकीचा.

वाचकहो, रण दरवर्षी नव्याने पांढरे होते. सूर्य रोज मावळतो. किल्ल्याची काळजी घ्यायला महापालिका आहे. आपल्या घरामागची टाकी, गल्लीच्या तोंडाचे झाड, बंद पडलेल्या थिएटरची पाटी, यांचा फोटो मात्र आपणच काढायचा असतो. म्हणून सहलीला जरूर जा, भरपूर फोटो काढा. पण वर्षातून एक दिवस आपल्या दारापासून स्टँडपर्यंतची वाट टिपून ठेवा. निवडक दहा-बारा फोटो छापून घ्या, कारण मोबाईल बदलला की त्यातले हरवतात. आणि मागच्या बाजूला तारीख, ठिकाण आणि माणसांची नावे मराठीत आणि कन्नडमध्येही लिहा. मुली, सुना, नातवंडे उद्या कुठल्या गावी असतील आणि त्यांतली कोण कुठली लिपी वाचत असेल, कुणी सांगावे?