लहान युद्धनौकेची दृष्टी आणि नेम

अहिल्यानगरनजीकच्या (पूर्वीचे अहमदनगर) के. के. रेंज या लष्करी सरावक्षेत्रावर धावत्या रणगाड्यातून अचूक गोळा डागताना जवानास जी अडचण पडते, तीच लहान युद्धनौकेवर कित्येक पटींनी उग्र होते. कारण रणगाड्याखालची जमीन निदान जागची हलत नाही, समुद्र मात्र क्षणभरही स्वस्थ नसतो.

दृष्टी : रडारची नजर पृथ्वीच्या वक्रतेने अडते. १० मीटर उंचीवरील रडारला १६ मीटर उंचीचे जहाज सुमारे ३० किलोमीटरांच्या आतच दिसते. रडार अधिक उंच चढवावे, तर माथ्यावरचा भार वाढून हलकी नौका कलंडण्याची धास्ती.

नेम : शोधक रडार लक्ष्य हुडकते, मारा-नियंत्रक रडार त्याचा पिच्छा पुरवते, आणि गणकयंत्र नौकेचे हेलकावे जमेस धरून, गोळा पोहोचेल त्या क्षणी लक्ष्य जेथे असेल, त्या बिंदूकडे तोफेचे तोंड वळविते.

प्रचीती : ४ डिसेंबर १९७१ च्या रात्री ‘निपात’, ‘निर्घात’ व ‘वीर’ या भारतीय नौदलाच्या सुमारे २०० टनांच्या क्षेपणास्त्र-नौकांनी रडारवर लक्ष्ये हेरून कराचीनजीक पाकिस्तानची ‘खैबर’ ही विनाशिका आणि ‘मुहाफिज’ ही सुरुंगशोधक नौका बुडविली. युद्धनौकेचे सामर्थ्य तिच्या आकारमानावरून मोजू नये, हेच यातून सिद्ध होते.