केशरी वाघ, चितळाला हिरवा

एवढा भडक रंग मिरवत वाघ शिकार करतो तरी कशी? ताडोब्याच्या मोहर्ली गेटवर जिप्सीतून उतरणारे पर्यटक गाइडला हे हमखास विचारतात. उत्तरासाठी चितळाच्या डोळ्यात, दृष्टिपटलापर्यंत शिरावं लागतं.

रंग ओळखणाऱ्या शंकुपेशी आपल्याकडे तीन प्रकारच्या असतात, हरणवर्गात दोनच. केशरी आणि हिरव्यातला फरक त्यांना कळत नाही, त्यामुळे बांबूच्या झाडोऱ्यात उभा वाघ चितळाला झाडोऱ्याचाच भाग वाटतो. ब्रिस्टल विद्यापीठातल्या संशोधकांनी २०१९ साली संगणकाच्या मदतीने हे ताडून पाहिलं. दोन शंकूंच्या नजरेपासून वाघाचा केशरी रंग त्याला फार उत्तम लपवतो. केसांत हिरवं रंगद्रव्य तयार करणं सस्तन प्राण्यांना जमलेलं नाही. वाघाचं त्यावाचून काही अडलंही नाही.

वानराची गोष्ट निराळी. त्याच्याकडे आपल्यासारखे तिन्ही शंकू आहेत. शेंड्यावरून त्याला वाघ केशरीच दिसतो आणि तो धोक्याचा कॉल देतो. चितळांचे कळप वानरांच्या झाडाखाली चरताना दिसतात ते उगाच नाही. वरून पडणारा पाला मिळतो, आणि तिसरा शंकूही फुकटात!

पण रंग ही नुसती सुरुवात. डोळा म्हणजे कॅमेरा, हे शाळेतलं वाक्य आता निवृत्त करायला हवं. दृष्टिपटल हा गर्भावस्थेत मेंदूतूनच वाढून आलेला, अर्ध्या मिलिमीटरहून पातळ असा मेंदूचाच तुकडा आहे. माणसाच्या एका डोळ्यात अंधुक उजेड टिपणाऱ्या सुमारे १२ कोटी दंडपेशी आणि ६० लाख शंकुपेशी असतात, तर मेंदूकडे जाणाऱ्या दृष्टिचेतेत तंतू जेमतेम १०-१२ लाख. तेव्हा काय कळवायचं आणि काय गाळायचं, हा निवाडा डोळ्यातच होतो. संशोधक स्टीफन कफलर यांनी १९५३ साली मांजराच्या दृष्टिपटलावर तो निवाडा टिपला. तिथल्या, मेंदूकडे तंतू धाडणाऱ्या गँग्लिऑन पेशीला सरसकट उजेडाचं फारसं सोयरसुतक नसतं. मधे उजेड आणि भोवती अंधार, किंवा याच्या उलट, असलं की ती जोरात संदेश धाडते. मेंदूला कळतात त्या मुख्यतः कडा आणि फरक. पुढे होरेस बार्लो यांना सशाच्या दृष्टिपटलात अशा पेशी सापडल्या, ज्या हालचालीची दिशाच तेवढी कळवतात. दबा धरलेला वाघ मधेच थिजतो, त्याचा फायदा इथे कळतो.

बुद्धपौर्णिमेला वनखात्याच्या मचाणावर रात्र काढणाऱ्यांना या यंत्रणेची दुसरी बाजू दिसते. चांदण्यात रंग विरतात, कारण शंकू जवळजवळ थांबतात आणि दंडपेशी सूत्रं हाती घेतात. अनेक दंडपेशींचं म्हणणं एकत्र करून पुढे जातं, म्हणून अंधुक उजेड पकडता येतो. बारकावा मात्र जातो. दृष्टिपटलाच्या ऐन मध्यावर तर दंडपेशी नसतातच. पाणवठ्यावर काही हललं तर रोखून पाहू नका, किंचित बाजूला पाहा, आकार उमटेल. मोबाइल चुकूनही पेटवू नका. डोळे अंधाराला पुरते सरावायला अर्धा तास लागतो. वाघाच्या दृष्टिपटलामागे चकाकणारा पडदा असतो, निसटलेला उजेड तो पुन्हा पेशींवर फेकतो. चितळाकडेही तो आहे. वानराकडे आणि आपल्याकडे नाही.

दंडपेशींमधलं उजेड टिपणारं रंगद्रव्य, ऱ्होडॉप्सिन, अ जीवनसत्त्वावाचून बनत नाही. हे जीवनसत्त्व कमी पडलं की रातांधळेपणा येतो. गडचिरोलीत मोहफुलं वेचायला माणसं पहाटेच्या अंधारात रानात शिरतात, आणि वाघाच्याही फिरण्याची वेळ तीच. तिथे दंडपेशी धड असणं हा जिवाचा प्रश्न आहे. तरोट्याची, शेवग्याच्या पाल्याची भाजी आणि पिकलेली पपई हे रातांधळेपणावरचे घरचे उपाय. शिवाय नऊ महिन्यांपासून पाच वर्षांपर्यंतच्या मुलांना दर सहा महिन्यांनी अ जीवनसत्त्वाचा सरकारी डोस मिळतो, तो चुकवू नये. दिवेलागणीला पोर अंगणात ठेचकाळू लागलं तर वेंधळं म्हणून रागावू नका, प्राथमिक आरोग्य केंद्रात न्या.