नोट उजेडाकडे धरतो, मग व्हिडिओ कुठे धरायचा?

दादासाहेब फाळक्यांचा 'कालिया मर्दन' हा 1919 सालचा मूकपट कृष्णापासून सुरू होत नाही. आधी पडद्यावर येतो एका लहान मुलीचा चेहरा. ती हसते, रुसते, रागावते, घाबरते. ही मंदाकिनी, फाळक्यांची लेक. मग तो चेहरा हळूहळू विरतो आणि त्याच जागी, त्याच नाकाडोळ्यांचा, वेश चढवलेला बाळकृष्ण उभा राहतो. पाण्याखालची झटापट, नागाच्या फण्यावरचा नाच, हे सगळं त्यानंतर. चमत्कार दाखवण्याआधीच फाळके प्रेक्षकाला सांगून टाकतात, की हा देव नाही, ही माझी पोर आहे आणि तिला मी कृष्ण केलंय. आता बघा!

हा चित्रपट नाशिकचा. त्र्यंबकेश्वरला जन्मलेले फाळके 'राजा हरिश्चंद्र' मुंबईत करून नाशिकला आले आणि इथेच त्यांनी चित्रपटांचा कारखाना उभारला. त्याआधी छायाचित्रण, छपाई आणि चक्क जादूचे प्रयोग हे उद्योग त्यांनी करून पाहिले होते. स्वतःचं आडनाव उलटं करून 'प्रोफेसर केळफा' या नावाने ते जादू दाखवत. वाटाण्याच्या रोपाची वाढ त्यांनी थोड्याथोड्या वेळाने एकेक चित्र घेत टिपली होती. पडद्यावर तो वाटाणा बघताबघता वेल होऊन डोलू लागला आणि ते पाहून त्यांच्या पहिल्या चित्रपटाला भांडवल मिळायला मदत झाली. 'लंकादहन' (1917) मध्ये अण्णा साळुंके हा एकच नट राम झाला होता आणि सीताही. त्याच वर्षी फाळक्यांनी आणखी एक छोटी फीत केली. सिनेमा कसा तयार होतो, एवढंच तिच्यात दाखवलेलं होतं. तीत ते स्वतः काम करताना दिसतात.

ज्या देशात छापील अक्षर वाचू शकणारे शंभरात दहाही नव्हते, त्या देशात हा माणूस लोकांना हलतं चित्र वाचायला शिकवत होता. दोन तुकडे जोडले की तिसराच अर्थ निघतो, एका चेहऱ्याची दोन माणसं होतात, महिनाभराची वाढ पापणी लवते न लवते तोच उरकते. हे एकदा कळलं की चित्रपटाची मजा जात नाही, उलट वाढते. फक्त फसगत टळते.

याच शहराचं दुसरं टोक म्हणजे नाशिकरोड. फाळके इथे भास घडवत होते त्याच काळात इंग्रज सरकारने बरोबर उलट्या कामासाठी इथे छापखाना काढायचं ठरवलं: ज्याची नक्कल करता येऊ नये असा कागद बनवायचा. तोवर हिंदुस्थानची टपाल तिकिटं लंडनहून छापून येत आणि नोटाही इंग्लंडमधूनच. 1925 च्या सुमारास इंडिया सिक्युरिटी प्रेस सुरू झाली आणि 1928 साली नोटांच्या छापखान्यातून पाच रुपयांची नोट बाहेर पडली. तिकिटं, मुद्रांक, पासपोर्ट, नोटा. ज्या कागदावर देश विश्वास ठेवतो, तो शंभर वर्षं नाशिककरांच्याही हातून जातोय. नाशिककर त्याला नुसतं 'प्रेस' म्हणतात.

आता खिशातली पाचशेची नोट काढा. ती उजेडाकडे धरली की कोऱ्या जागेत गांधीजी उमटतात आणि शेजारी 500 हा आकडा. नोट तिरकी केली की सुरक्षा धाग्याचा हिरवा रंग निळा होतो. पुढच्या बाजूला एका जागी तुटक तुटक रेघा दिसतात. नोट उजेडात धरली की मागच्या बाजूच्या रेघा त्यांच्यात अचूक बसतात आणि पुन्हा 500 तयार होतो. कडेच्या पाच तिरप्या उठावदार रेषा बोटांनी चाचपून दृष्टिहीन माणूस नोट ओळखतो.

भाजीबाजारातली, कधी शाळेत न गेलेली आजीही हे सगळं दोन सेकंदांत करते. नोट घेते, चुरचुर ऐकते, वर धरते, कनवटीला लावते. जनगणनेच्या व्याख्येत ती निरक्षर आहे, कारण तिथे साक्षर म्हणजे सात वर्षांवरचा, कोणत्याही एका भाषेत समजून वाचता आणि लिहिता येणारा माणूस. पण नोटेच्या बाबतीत ती तज्ज्ञ वाचक आहे. कागदावर काय लिहिलंय हे तिला कळत नसेल, पण कागद खरा की खोटा हे कळतं. डिजिटल काळात नेमकं हेच उलटं झालंय. स्क्रीनवर काय लिहिलंय ते आपल्या सगळ्यांना वाचता येतं. ते आलं कुठून, कोणी बनवलं आणि मध्ये कुठे कापलं, हे मात्र फार थोड्यांना वाचता येतं.

2016 च्या नोव्हेंबरात हे फार मजेशीर पद्धतीने दिसलं. दोन हजारांच्या नव्या नोटेत चिप बसवली आहे, जमिनीत पुरली तरी ती उपग्रहाला सापडते, असा निरोप मोबाइलवरून देशभर फिरला. शिकल्यासवरलेल्यांनी तो पुढे पाठवला, वाहिन्यांनी चर्चा झोडल्या. नोटेत चिप नव्हती. चिप आहे ती पासपोर्टात! 2008 साली, चाचणीच्या टप्प्यात, देशातला पहिला ई-पासपोर्ट मिळाला तो तेव्हाच्या राष्ट्रपती, आपल्या शेजारच्या जळगावच्या प्रतिभाताई पाटील यांना. आता नागरिकांनाही तसे पासपोर्ट मिळू लागलेत. त्यांची कोरी पुस्तकं नाशिकरोडलाच तयार होतात. मुखपृष्ठावर छोटी सोनेरी खूण दिसली की समजायचं, आत चिप आहे.

त्या चिपचं काम कसं चालतं ते पाहण्यासारखं आहे. चिपमध्ये तुमचं नाव, जन्मतारीख, फोटो वगैरे माहिती असते. पण माहिती काय, कोणीही भरेल. खरी करामत पुढे आहे. त्या सगळ्या माहितीवर एक गणिती प्रक्रिया करून तिचा एक ठसा काढला जातो. माहिती एका ओळीची असो की हजार पानांची, ठसा ठरावीक लांबीचाच निघतो. नेहमी वापरल्या जाणाऱ्या एका पद्धतीत तो 256 बिटांचा असतो, म्हणजे शून्य आणि एक यांची 256 घरं. एकूण शक्य ठशांची संख्या लिहायला बसलात तर 78 अंक लागतील. आणि मूळ माहितीत एक स्वल्पविराम जरी हलवला, तरी त्या 256 पैकी साधारण निम्मी घरं पालटतात. थोडासा बदल थोडासा दिसतच नाही. तो सगळीकडे बोंबलतो.

या ठशावर सरकार आपल्या गुप्त किल्लीने सही करतं. ही किल्ली म्हणजेही एक प्रचंड संख्याच. तिची जोडीदार असलेली दुसरी किल्ली जगजाहीर असते. परदेशातल्या विमानतळावरचं यंत्र त्या उघड किल्लीने सही तपासतं, ठसा पुन्हा काढून ताडून पाहतं आणि काही क्षणांत सांगतं, की हे भारत सरकारने लिहिलंय आणि त्यानंतर कोणी एक अक्षरही हलवलेलं नाही. उघड किल्ली हातात असूनही तिच्यावरून गुप्त किल्ली शोधता येत नाही. आजच्या संगणकांना त्यासाठी लागणारा वेळ माणसाच्या हिशेबात बसत नाही.

हीच युक्ती आता छायाचित्रांपर्यंत पोहोचली आहे. 2021 पासून काही मोठ्या संगणक कंपन्या आणि वृत्तसंस्था मिळून फोटोच्या पोटात अशी सही ठेवण्याची समाईक पद्धत बनवत आहेत. फोटो कोणत्या कॅमेऱ्याने काढला, नंतर कशाने काय बदललं, याची नोंद त्यात राहते. 2023 मध्ये लायका कंपनीने अशी सही करणारा कॅमेराही बाजारात आणला. पण फोटो एका मोबाइलवरून दुसऱ्यावर उड्या मारत जातो तेव्हा तो आकसतो, पोटातल्या नोंदी गळून पडतात आणि आपल्यापर्यंत येतं ते बिननावाचं चित्र. शिवाय सही काय सांगते तेही नीट समजून घ्यायला हवं. हे कोणी लिहिलं आणि नंतर बदललं का, एवढंच ती सांगते. लिहिणारा खरं बोलतोय की नाही, हे कोणतंच गणित सांगू शकत नाही. ते काम वाचणाऱ्याचंच राहतं.

ते काम झालं नाही की काय होतं, हे उत्तर महाराष्ट्राने पाहिलंय. 1 जुलै 2018 रोजी धुळे जिल्ह्यातल्या साक्री तालुक्यात, राईनपाड्याच्या आठवडे बाजाराच्या दिवशी, भिक्षा मागून जगणाऱ्या नाथपंथी डवरी गोसावी समाजाच्या पाच जणांना जमावाने ठेचून मारलं. मुलं पळवणारी टोळी आलीय, ही अफवा मोबाइलवरून आधीच गावोगाव पोहोचली होती. त्याच सुमारास नाशिक जिल्ह्यातल्या मालेगावात अशाच संशयावरून जमावाच्या तावडीत सापडलेल्या एका कुटुंबाला पोलिसांनी कसंबसं वाचवलं. त्यात एक लहानगं लेकरू होतं.

त्या वर्षी देशभर फिरलेली एक चित्रफीत अशी: मोटारसायकलवरून दोघे येतात, रस्त्यावर खेळणारं मूल उचलतात आणि निघून जातात. ही चित्रफीत खरी होती, पण पुरी नव्हती. ती कराचीतल्या एका बालसुरक्षा संस्थेची जाहिरात होती. मूळ फितीत ते दोघे मुलाला परत आणून सोडतात आणि पालकांनी सावध राहावं अशा अर्थाची पाटी दाखवतात. कोणीतरी शेवटचे काही सेकंद कापले. त्यात काहीच खोटं घातलं नाही, फक्त थोडं खरं वगळलं. पडद्यावर कात्री काय करू शकते हे फाळक्यांनी नाशिकमध्ये उलगडून दाखवलं, त्याला तोवर शंभर वर्षं झाली होती.

राईनपाड्यानंतर व्हॉट्सअ‍ॅपने पुढे ढकललेल्या निरोपावर तशी खूण दाखवायला सुरुवात केली आणि भारतात एका वेळी पाचच ठिकाणी पाठवता येईल अशी मर्यादा घातली. या झाल्या यंत्राच्या सोयी. माणसाला काय शिकवायचं?

याचं एक सुरेख उत्तर अमेरिकेतल्या स्टॅनफर्ड विद्यापीठातल्या सॅम वाइनबर्ग आणि सारा मॅकग्रू यांच्या प्रयोगात सापडतं. त्यांनी 45 जणांना काही संकेतस्थळं दिली आणि विश्वासार्ह कोणतं ते ठरवायला सांगितलं. त्यात इतिहासाचे दहा संशोधक, स्टॅनफर्डचे 25 विद्यार्थी आणि बातम्यांची सत्यता तपासणारे दहा व्यावसायिक होते. विद्यार्थी आणि अनेक संशोधक पान वरपासून खालपर्यंत मन लावून वाचत बसले. बोधचिन्ह किती भारदस्त, भाषा किती सफाईदार, संदर्भ किती, हे पाहत राहिले आणि पुष्कळदा फसले. तपासनीस मात्र पानावर येताक्षणीच बाहेर पडले. शेजारी चारदोन खिडक्या उघडून त्यांनी आधी विचारलं, की हे लोक कोण आहेत आणि इतर त्यांच्याबद्दल काय म्हणतात. त्यांनी वेळ कमी घेतला आणि निकाल जास्त अचूक दिला.

पिढ्यान् पिढ्या आपण मुलांना सांगत आलो, की नीट लक्ष देऊन शेवटपर्यंत वाच. पाठ्यपुस्तकासाठी हा सल्ला आजही सोळा आणे खरा आहे, कारण ते पुस्तक हातात येण्यापूर्वी कोणीतरी तपासलेलं असतं. स्क्रीनवरच्या मजकुराला असा राखणदार नाही. तिथे पहिलं कौशल्य म्हणजे वाचनाला सुरुवात करण्याआधी थांबणं. नाशिकच्या यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठाने 1989 पासून 'ज्ञानगंगा घरोघरी' नेली. घरी एकट्याने शिकणाऱ्या त्या विद्यार्थ्याजवळ आज पुस्तकाच्या जोडीला मोबाइल आहे आणि शंका विचारायला शेजारी मास्तर नाही. त्याला तर हे कौशल्य सगळ्यात आधी हवं. केंद्राच्या 'उल्लास' साक्षरता कार्यक्रमात पन्नास गुण वाचनाला, पन्नास लेखनाला आणि पन्नास संख्याज्ञानाला आहेत. डिजिटल आणि आर्थिक साक्षरता जीवनकौशल्यांत धरली आहे. दार उघडलंय, आत काय शिकवायचं हा प्रश्न आहे.

आणि हे शिकवता येतं का? केरळमधल्या कण्णूर जिल्ह्याने 2018 मध्ये 'सत्यमेव जयते' नावाने सुमारे दीडशे सरकारी शाळांत खोट्या बातम्या ओळखण्याचे वर्ग घेतले. बिहारमधला अनुभव त्याहून बोलका आहे. तिथे 2019 च्या निवडणुकीआधी प्रौढांना घरी जाऊन तासभर शिकवून पाहिलं, त्याचा म्हणावा असा परिणाम झाला नाही. पुढे तिथल्याच 583 गावांत आठवी ते बारावीच्या साडेतेरा हजारांहून जास्त मुलांसाठी दुसरा प्रयोग झाला. निम्म्या गावांतल्या मुलांना काही आठवडे माहिती पारखण्याचे वर्ग मिळाले आणि बाकीच्यांना इंग्रजीचे. पहिल्या गटातली मुलं खरं आणि खोटं वेगळं करण्यात पुढे गेली आणि चार महिन्यांनीही ते टिकून होतं. सगळ्यात चकित करणारी गोष्ट निराळीच निघाली: वर्गात कधीही न आलेल्या त्यांच्या आईवडिलांनाही खोटं जास्त ओळखता येऊ लागलं. प्रौढांना थेट शिकवून जे जमलं नाही, ते पोरांनी घरी बसून करून दाखवलं.

हे वर्ग शाळांत नव्हे, गावोगावच्या ग्रंथालयांत भरले होते. नाशिकचं सार्वजनिक वाचनालय 1840 चं आहे, म्हणजे फाळक्यांच्या जन्माच्याही तीस वर्षं आधीचं. जिल्ह्यात गावोगावी वाचनालयं आहेत, मोबाइल बहुतेक घरांत आहे आणि सुट्टीत काय करू असं विचारणारी मुलं तर घरटी आहेत. आठवीतल्या मुलांना एक चित्रफीत द्यावी, ती कापून तिचा अर्थ उलटा करायला सांगावा आणि मग मूळ फीत कशी शोधायची ते दाखवावं. संध्याकाळी घरी जाऊन ती आजीला काय सांगतील, त्याची काळजी करायला नको. आजीला तपासण्याची सवय आहेच, तिला फक्त कुठे पाहायचं ते कळायला हवं.