एका देवाची भानगड

जेरुसलेम : पुण्याहून आलेले प्रवासी सोनेरी घुमटासमोर फोटो काढतात आणि त्यातलं कुणीतरी म्हणतंच, "शेवटी देव एकच हो, नावं वेगळी." त्या घुमटाच्या आत 691-92च्या सुमारास काचेच्या तुकड्यांनी अरबीत लिहिलंय ते असं : मरियमचा ईसा हा देवाचा प्रेषित, 'तीन' म्हणू नका, देवाला मूल नसतं. रोख उघडच ख्रिस्त्यांवर. त्यांच्या बिशपांनी 325 साली निकेयाला बसून, पुत्र पित्याइतकाच देव, असं ठरवलेलं. इतक्या निकराने भांडणाऱ्यांना 'एकच हो' म्हणणं हा आपला उदारपणा नव्हे, आळस आहे.

दुसरा गैरसमज, ज्यूंचा देव यहोवा पहिल्यापासून एकटा. इस्राएल म्युझियममध्ये त्यांच्याच अरादच्या जुन्या किल्ल्यातला गाभारा मांडून ठेवलाय. आत दोन उभे दगड, पुढे दोन धूपवेद्या. वेद्यांवरची पुटं तपासली, तर एकीवर ऊद निघाला, दुसरीवर चक्क गांजा! सिनाईत सापडलेल्या रांजणांवर यहोवाबरोबर अशेराचं नाव आहे. ती त्याची बायको, की नुसता पूजेचा खांब, यावर पंडितांचं अजून जमत नाही.

मग इ.स.पूर्व 586 मध्ये बाबिलोनच्या फौजेने जेरुसलेमचं देऊळ जाळलं. तेव्हाच्या हिशेबाने देव हरला. अशाच प्रसंगी, सोळाव्या शतकात पोर्तुगीज देवळं पाडू लागले तेव्हा, गोव्यात आपण मंगेश कुशस्थळीहून उचलून जुवारीपार प्रियोळला नेला, शांतादुर्गा केळशीहून कवळ्याला. पालख्या चालू राहिल्या. ज्यूंकडे उचलायला मूर्तीच नव्हती. बाबिलोनच्या हद्दपारीत त्यांच्या संदेष्ट्यांनी मग उलटंच मांडलं : देव हरलेला नाही, बाबिलोन हे त्याचंच हत्यार होतं, आणि दुसरे देव मुळात नाहीतच. सपशेल पराभवातून सगळ्या जगाचा देव काढला! याचा मला हेवा वाटतो. धास्तीही वाटते, कारण आपल्या मंगेशाने शेजारच्या म्हाळसेला 'तू नाहीसच' असं कधी सुनावलेलं नाही.

पण एवढ्या मोठ्या देवाशी रोज बोलायचं कसं? इस्राएलात लोदला अलिबागकडच्या एक बेने इस्राएल ज्यू आजी राहतात. काही मागायचं असलं की एलियाहू संदेष्ट्याच्या नावाने मलिदा करतात. पोहे, गूळ, खोबरं, वर फळं. "तो एवढा मोठा," त्या मला म्हणाल्या, "नातवाच्या लष्करातल्या बदलीसाठी त्याला कशाला उठवायचं? एलियाहू बघतो ते."

धार्मिक पाठशाळेत शिकून आलेला त्यांचा मुलगा तिथेच होता. "आई, हे शास्त्रात कुठे लिहिलंय?"

"मग खाऊ नकोस."

त्याने ताट ओढून घेतलं.