दोन बिंदूंचा चढ आणि बोरघाटाचा हिशेब

दहावीच्या निर्देशक भूमितीत रेषेचा चढ एका ओळीत निघतो: दोन बिंदूंच्या उंचीतला फरक भागिले त्यांच्या आडव्या अंतरातला फरक. (२, ३) आणि (६, ११) हे बिंदू घेतले, तर ८ भागिले ४, म्हणजे चढ २. त्याच रेषेवरचा (४, ७) हा बिंदू पहिल्याशी जोडला, तरी उत्तर २ च येते. कारण दोन्ही वेळी तयार होणारे काटकोन त्रिकोण समरूप असतात. सूत्राची खरी ताकद या ‘कुठलेही दोन बिंदू घ्या’ मध्ये आहे. ही मुभा फक्त सरळ रेषेपुरती आहे, हे मात्र भागाकाराच्या घाईत विसरले जाते.

विसरल्याने काय बिघडते, ते बोरघाटात दिसते. १८५६ मध्ये काम सुरू होऊन १८६३ मध्ये खुल्या झालेल्या या रेल्वेघाटाचा पायथा समुद्रसपाटीपासून १९६ फुटांवर आणि माथा २,०२७ फुटांवर. चढाई १,८३१ फुटांची, मार्गाची लांबी सुमारे ८३,७०० फूट. टोकाचे दोन बिंदू घेऊन भागाकार केला की चढ येतो ४६ फुटांना १ फूट. पण घाटातला सर्वांत तीव्र चढ आहे ३७ ला १. हजार टनांची गाडी ४६ ला १ चढावर सुमारे २२ टनांच्या जोराने मागे ओढली जाते, ३७ ला १ चढावर २७ टनांच्या. सरासरीवर विसंबून इंजिन जोडले, तर गाडी नेमकी अवघड जागी अडेल. पुण्याकडे जाणाऱ्या जड गाड्यांना कर्जतला मागून बँकर इंजिने लावतात, ती या तीव्र चढाच्या हिशेबाने.

यावर कुणी म्हणेल, रूळ तर डोंगराच्या कडेने वळणे घेत जातात, मग इथे रेषेची भाषाच कशाला? अभियंते मार्ग उलगडून त्याचा उभा छेद काढतात. त्यात आडव्या अक्षावर अंतर आणि उभ्या अक्षावर उंची, त्यामुळे डावी-उजवी वळणे आड येत नाहीत. दुसरा आक्षेप अधिक काटेकोर आहे: सूत्रात आडवे अंतर हवे, रूळ मोजतात ते तिरपे. पायथागोरसने पडताळले, तर अख्ख्या घाटात हा फरक जेमतेम २० फुटांचा निघतो. चढ सौम्य असेपर्यंत तो सोडून देता येतो; उभ्या कड्याजवळ नाही, आणि रेषा पूर्ण उभी झाली की छेद शून्य होऊन चढ ठरवताच येत नाही.

मग टोकाच्या बिंदूंचा चढ निरुपयोगी म्हणायचा का? तसेही नाही. गुरुत्वाकर्षणाविरुद्ध एकूण किती काम करावे लागेल, हे फक्त टोकांच्या उंचीतल्या फरकावर अवलंबून असते, आणि तो फरक याच हिशेबात हाती येतो. इंजिन कुठे दमेल हा प्रश्न मात्र वेगळा; त्यासाठी बिंदू जवळजवळचे घ्यावे लागतात. तेव्हा चढ काढायला शिकवताना भागाकाराबरोबर तिसरा बिंदू तपासायची सवयही लावावी. तिन्ही जोड्यांची उत्तरे जुळली, तर ते तीन बिंदू एका रेषेत आहेत; न जुळल्यास आधीचे उत्तर ही निव्वळ सरासरी.