पोटात कळ, हातात खिळे

जावजी दादाजींनी १८६४ मध्ये टाइप ओतायला सुरुवात केली आणि १८६९ मध्ये निर्णयसागर छापखाना काढला. पुढची शंभरेक वर्षं गिरगावच्या वाड्यांतून मराठी अक्षर खिळ्यांवरच उमटलं. खिळा म्हणजे बहुतांश शिसं, सोबत अँटिमनी आणि कथील. डाव्या हातात स्टिक धरून जुळारी खिळ्यांच्या केससमोर उभा राहायचा. खणाखणातून खिळे उचलून बोटं काळी पडायची, आणि त्याच बोटांनी तंबाखू मळली जायची. झिजलेला टाइप पुन्हा वितळवताना शिशाची वाफ नाकातोंडात जायची ती वेगळीच. जगभरच्या छापखान्यांतल्या या कामगारांचं दुखणं वैद्यकाच्या ग्रंथांत नोंदलेलं आहे: पोटात पिळवटणारी कळ, बद्धकोष्ठ, मनगट लुळं पडणं.

तीव्र पॉर्फिरिया या आजाराची लक्षणंही जवळपास हीच, आणि त्याला कारण आहे. रक्ताला लाली देणारं हीम शरीरात आठ टप्प्यांत तयार होतं, प्रत्येक टप्प्याला एक विकर. पॉर्फिरियात त्यातलं एखादं जन्मतःच कमी पडतं. शिसं मुख्यतः दुसऱ्या आणि शेवटच्या विकराला अडवतं. दुसऱ्यातली जस्ताची जागा ते बळकावतं. मग अमिनोलेव्ह्युलिनिक आम्ल साचतं आणि नसांना छळतं.

जन्मजात दोष असलेल्या बहुतेकांना आयुष्यभर झटका येतच नाही. ठिणगी पडते ती कडक उपवासाने, दारूने, जंतुसंसर्गाने, बार्बिच्युरेट किंवा सल्फाच्या काही गोळ्यांनी, पाळीच्या आधीच्या संप्रेरकांनी. उपाशीपोटी यकृत पहिला टप्पा जोरात चालवतं आणि पुढे तुंबतं. म्हणून अशा रुग्णाने नवरात्राचे नऊ दिवस पोट मारू नये, हे घरच्यांनी मनावर घ्यायलाच हवं.

खिळे गेले, ऑफसेट आलं, तरी शिसं मुंबईत राहिलंच. पेट्रोलमधून ते परळ-दादरच्या रस्त्यांवर पसरत होतं. शिसेविरहित पेट्रोल १९९५ मध्ये महानगरांत आलं, २००० मध्ये देशभर. घरगुती रंगांवर ९० पीपीएमची मर्यादा थेट नोव्हेंबर २०१७ पासून. मारुतीला चढणारा पारंपरिक शेंदूर तर शिशाचंच ऑक्साइड. लालबाग-परळच्या गणपती कारखान्यांना लागू होणारी विसर्जनाची मार्गदर्शक तत्त्वं केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने २०१० मध्ये काढली, ती पाण्याच्या काळजीने. मूर्तींवर रंग फवारणाऱ्या कारागिराच्या छातीत काय जातं, याकडे तितकं लक्ष गेलं नाही, हे मला फार खटकतं.

रामाझिनी या इटालियन वैद्याने १७०० मध्येच सांगितलं होतं, रोग्याला त्याचा धंदा विचारा. पुन्हा पुन्हा पोट दुखतंय, सोनोग्राफी स्वच्छ, ॲसिडिटीच्या गोळ्यांनी उतार नाही, असा माणूस समोर आला की आधी तो प्रश्न विचारावा. मग झटका चालू असतानाच उजेडापासून झाकून ठेवलेला लघवीचा नमुना पाठवावा. त्यात पॉर्फोबिलिनोजेन खूप वाढलेलं असेल तर तीव्र पॉर्फिरिया. ते बेताचंच आणि अमिनोलेव्ह्युलिनिक आम्ल मात्र भरमसाट असेल, तर रक्तातलं शिसं त्याच दिवशी मोजायला द्यावं.